दोनचा लॉग

“सकाळी सहाला सहाशे तीस. आत्ता संध्याकाळी सहाला तीनशे तीस,” मी म्हणालो. “लिहिलंत?”

“लिहिलं. आणि शेडमधलं तीस. ते वजा करायचं ना?”

“ते सगळ्यात आधी वजा करायचं. भट्टी शेडपेक्षा जितकी गरम आहे, तेवढंच निवत जातं. ते विसरलं की सगळं गणित पाण्यात.”

“म्हणजे सकाळी सहाशे, आता तीनशे,” कुंदा म्हणाली आणि वहीत आकड्यांखाली रेघ ओढली. तिच्या बोटांना राखेचा रंग लागलेला होता, तो वहीलाही लागला.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र आम्ही सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेतून एका दिवसाच्या बोलीवर आणलं होतं आणि तो एक दिवस संपला होता. मी तार गुंडाळली, यंत्र पेटीत ठेवलं, पेटी जीपमध्ये दिली. आता भट्टीच्या पोटात काय चाललंय हे कळायला आमच्याकडे दोन आकडे आणि एक लॉग टेबल, एवढंच उरलं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरातली गोष्ट. धाबेगाव चंद्रपूरपासून तीस मैलांवर. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवायचो. वय सत्तावीस, अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात असा समज की जगात चुका करणारे लोक वेगळे आणि नेरकर सर वेगळे. हा समज एकट्या माझाच नव्हता. गावाचाही होता, आणि त्याला कारण होतं ती भट्टी.

गावाच्या कडेला कुंभारकामाचं एक केंद्र होतं. तिथं कुंदा आजरेकर सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आली होती, थेट कोल्हापूरकडून. धानाचं तूस आणि पळसाचं लाकूड जाळून त्यांच्या राखेतून ती झिलई बनवत होती. भांड्यावर काचेसारखा चढतो तो लेप. बाजारातली रसायनं न वापरता कोवळ्या तुरीच्या शेंगेचा रंग आणायचा, असा तिचा हट्ट. हिरव्यात मधूनच जांभळी रेघ. केंद्राचे व्यवस्थापक बोधनकर साहेब यांनी तिला सांगून ठेवलं होतं, “झिलई मनासारखी उतरली तर जागा तुमची, कायमची. नाही उतरली तर उमेदवारी संपली. माझ्या हातात तेवढंच आहे.”

ऑक्टोबरात तिची पहिली भट्टी लागली. कुणी मोठे अधिकारी भेटीला यायचे होते, म्हणून साहेबांना घाई. भट्टी लावणारे लटारीबुवा, साठीचे, तीन पिढ्यांचे कुंभार. त्यांनी दाराच्या विटांवर हात ठेवला आणि म्हणाले, “चालते.” कुंदाही म्हणाली, “उघडू या की.” दाराच्या चार विटा काढल्या, गार वारा आत गेला आणि टिण् टिण् असे आवाज यायला लागले. चाळीस भांडी, चाळीसही तडकली.

त्यात तिची चूक काडीची नव्हती. पण ती दोन दिवस जेवली नाही. मी सांत्वनाला गेलो, तर ती खाटेवर बसून फुटके तुकडे एका बिस्किटांच्या डब्यात रचत होती.

“हे कशाला ठेवताय?” मी विचारलं.

“मीच म्हणाले ना, उघडू या. लक्षात राहावं म्हणून.”

“अहो, हात बुवांचा, घाई साहेबांची.”

“तोंड माझं होतं,” ती म्हणाली, आणि डबा खाटेखाली सरकवला. तो पुढे कायम तिथंच असायचा. कधी कधी ती तो काढून बघायची, हे मला तिच्या घरमालकिणीनं सांगितलं.

त्यानंतर मी या कामात पडलो. गरम वस्तू कशी निवते याचं गणित आम्ही बारावीला शिकवतोच. सुरुवातीला भराभर निवते, मग हळूहळू. दोन वेळांचं तापमान माहीत असलं की लॉग घेऊन पुढची वेळ काढता येते. पुढच्या तीन भट्ट्यांची वेळ मी काढली, तीनही घटकाभराच्या फरकानं बरोबर आल्या. तेव्हापासून केंद्राचा नियमच झाला. दार चिणून झालं की लटारीबुवा त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढायचे आणि त्याच्याखाली मी खडूनं उघडायची वेळ लिहायची. ती वेळ होईस्तोवर विटेला कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. बुवा त्या खडूकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. ऑक्टोबरपासून त्यांनी हात लावून सांगणं सोडलंच होतं.

आणि मी रोज संध्याकाळी केंद्रात जाऊ लागलो. भट्टी असो नसो. लोकांना वाटायचं, सरांना कुंभारकामाचा नाद लागला. लागला होता खरा नाद.

तर त्या सोमवारी जीप गेली आणि आम्ही भट्टीसमोरच्या बाकावर बसलो. मांडीवर वही माझ्या, लॉग टेबलाचं पुस्तक तिच्या हातात. भट्टीची ऊब येत होती. ती इतकी जवळ बसली होती की तिच्या केसांतला धुराचा वास मला येत होता. तिच्या कमरेला रत्नागिरीकडच्या एका शाळेची नेमणूक झाल्याचं पाकीट खोचलेलं होतं. चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा. शुक्रवारी हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, पाठीवर दोन भावंडं. दोन्ही डगरींवर हात ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. शुक्रवारी तिथं पोचायचं तर बुधवारी अकराची एसटी धरायलाच हवी होती. म्हणजे बुधवारच्या अकराच्या आत भट्टी उघडली आणि झिलई उतरलेली दिसली, तर कुंदा धाबेगावात राहणार. नाहीतर जाणार.

“घ्या,” मी म्हणालो. “सहाशेचे तीनशे झाले. दोनचा लॉग?”

तिनं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. “पॉइंट तीन शून्य एक शून्य.”

मी लिहिलं. बारानं भागलं. “आता तीनशेवरून पन्नासवर आणायचं. ऐंशीला दार उघडायचं, त्यातले तीस शेडचे. तीनशे भागिले पन्नास, सहा. सहाचा लॉग?”

ती पानं उलटत राहिली. पुस्तक जुनं, शिवण उसवलेली, पानं सुटी होती. “सर, तुम्ही ते मागचं पान म्हणता ना नेहमी?”

“हो, मागचंच.”

“एक पॉइंट सात नऊ एक आठ.”

भागाकार केला. एकाहत्तर तास. सोमवार संध्याकाळचे सहा आणि एकाहत्तर, म्हणजे गुरुवार संध्याकाळचे पाच.

तिनं वही माझ्या मांडीवरून घेतली, आकडे पुन्हा वाचले आणि वही मिटून स्वतःच्या पिशवीत ठेवली. “वही मी नेऊ?” म्हणाली. मी मान हलवली. मग उठलो आणि दारावर खडूनं लिहिलं, गुरुवार, सायं. ५. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

मंगळवारी मी कॉलेजात काय शिकवलं ते मला आठवत नाही. दिवसभर मी एक वाक्य तयार करत होतो. “तुम्ही जाऊ नका,” एवढंच. पण त्याच्या पुढे काय? ती विचारणार, का जाऊ नको? मग त्याचंही उत्तर तयार करायचं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती आणि त्यातलं एकही मी आरशासमोरसुद्धा नीट म्हणू शकलो नाही. केंद्रात गेलोच नाही मी त्या संध्याकाळी. आकडे तपासायचं तर मनातही आलं नाही.

बुधवारी सकाळी आठला गेलो, तेव्हा कुंदाची ट्रंक आणि वळकटी शेडच्या खांबाला टेकून ठेवलेली होती. बिस्किटांचा डबाही होता, सुतळीनं बांधलेला. ती आणि लटारीबुवा भट्टीच्या दाराशी उभे होते. बुवांचा तळहात विटेवर होता. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच.

“मास्तर, हे झाली जी,” ते म्हणाले. “हात लावून पाहा. मले तं गार लागून राहिली. एक ईट काढू ना, एकच.”

“बुवा, बाहेरच्या विटेवरून आतलं कळत नाही.”

“नाही कळत, कबूल. मांगच्या खेपेले हात चुकला माझा. पण आज नाही चुकून राहिला. मी रात्रीपासून तीनदा येऊन पाह्यलं.”

“आत्ता आत दीडशेच्या आसपास असणार,” मी म्हणालो. मनातल्या मनात मांडून बघितलं होतं, त्याच आकड्यावरून. “वीट काढली की वारा शिरणार. पुन्हा चाळीस भांडी फोडायची आहेत का?”

बुवांनी हात काढला आणि धोतराला पुसला. “तुमी शिकलेले,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच मला अजून बोचतं. ते बाजूला जाऊन बिडी पेटवत बसले.

कुंदानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सर, तुम्ही काय म्हणता?”

“गुरुवार संध्याकाळ पाच.”

“ते दिसतंय मला, खडूनं लिहिलंय.” ती थोडी हसली. “मी विचारते, थांबू का मी?”

“भट्टीचं सांगतो, आकडा...”

“आकड्याचं नाही विचारलं.”

कालची तीन उत्तरं माझ्या घशापर्यंत आली. आणि मला वाटलं, झिलई नाही उतरली तर? मग तिची नोकरीही गेली, तिचं घरही उघड्यावर, आणि थांब म्हणणारा मी. मी खिशातला खडू बोटांनी चुरत राहिलो.

“थांबलात आणि रंग आला नाही, तर फार मोठं नुकसान होईल तुमचं,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. “ते खरंच.”

साहेब आले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण भांडं हातात आल्याशिवाय समितीपुढे काही ठेवता येत नाही, असं ते म्हणाले. अकराला पाच कमी असताना बुवांनी ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी मी घेतली. डबा तिनं कुणालाच दिला नाही. एसटी वेळेवर आली. त्या मार्गावर ती कधी वेळेवर येत नसे.

“गुरुवारी काय निघालं ते कळवा,” खिडकीतून ती म्हणाली.

“लगेच कळवतो.”

“एक कप तुमच्यासाठी केलाय. भट्टीत वरच्या फळीवर आहे, डावीकडे.”

गाडी गेली. आम्ही दोघं धुळीत उभे राहिलो. बुवा म्हणाले, “चांगली पोर होती जी.” जणू काही ती मेलीच.

गुरुवारी पाचला आम्ही दार उघडलं. पहिली वीट मी काढली. आतून ऊब यायला हवी होती, निदान चुलीजवळ बसल्यासारखी. काहीच आलं नाही. मी हात आत घातला. विटा, फळ्या, भांडी, सगळं शेडइतकंच गार होतं. नुसतं उघडण्याजोगं नव्हे, केव्हाचंच निवून बसलेलं.

बुवांनी कंदील आत धरला. चाळीसच्या चाळीस भांडी साबूत. आणि रंग... बुवांनी एक बोळकं उचललं आणि कितीतरी वेळ नुसतं फिरवत राहिले. कोवळ्या तुरीच्या शेंगेचा हिरवा, त्यात जांभळी रेघ. साहेबांनी ताबडतोब तार लिहायला घेतली.

मी मात्र तिथंच खाली बसलो. बोटांवर मोजायला लागलो, जसं चौथीतलं पोर मोजतं. बारा तासांत सहाशेचे तीनशे झाले, म्हणजे निम्मे. मग पुढच्या बारा तासांत दीडशे. मंगळवार सकाळ. त्यापुढच्या बारांत पंचाहत्तर. मंगळवार संध्याकाळ. पन्नासच्या खाली मध्यरात्र उलटल्यावर लगेच. बुधवारी सकाळी आठला बुवांचा हात विटेवर होता तेव्हा भट्टी उघडण्याजोगी होऊन सात तास झाले होते. लॉगची गरजच नव्हती. मी दर वेळी असा बोटांवर पडताळा घेतो, मुलांनाही घ्यायला लावतो. त्याच वेळी घेतला नव्हता.

साहेबांची तार तिला शनिवारी मिळाली. ती शुक्रवारी हजर झाली होती आणि हजर होताना दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं तिनं लिहून दिलं होतं. केंद्राची जागा दोन वर्षं रिकामी राहणं शक्य नव्हतं. जानेवारीत उत्तरेतल्या खुर्ज्याहून एक कारागीर आला. चांगला माणूस होता. राखेची प्रमाणं लिहिलेली वही कुंदाबरोबर गेल्यामुळे तो रंग मात्र पुन्हा कुणाला जमला नाही.

मी तिला चार ओळी लिहिल्या, भांडी उत्तम निघाली, अभिनंदन. चुकीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. कसं लिहायचं तेच समजेना.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचं पत्र आलं. ते माझ्याकडे आहे, पण काढून बघावं लागत नाही.

“सर, इथल्या गणिताच्या बाईंकडून लॉग टेबल आणलं आणि आपलं ते गणित पुन्हा करून पाहिलं. का ते विचारू नका, संध्याकाळी इथं फार एकटं वाटतं. पुस्तकात दोन तऱ्हेचे लॉग असतात हे मला आता कळलं. पुढच्या पानांवर वेगळे, मागच्या पानांवर वेगळे. एका गणितात दोन्ही आकडे एकाच तऱ्हेचे घ्यावे लागतात. मी दोनचा पुढच्या पानावरून वाचला आणि सहाचा मागच्या. दोनचा मागच्या पानावर पॉइंट सहा नऊ तीन आहे. तो घातला की एकतीस तास येतात. बुवा बरोबर होते.

“पण सर, तुम्हीच एकदा म्हणाला होतात की दोनचा लॉग तुम्हाला स्वतःच्या नावासारखा पाठ आहे. मी चुकीचा वाचला तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, लिहून घेतलात. मग बुधवारीही थांबा म्हणाला नाहीत. तेव्हा मला एवढंच कळवा. तुम्ही मुद्दाम लिहून घेतलात का? तसं असेल तर मला राग येईल, पण तो जाईल. चुकून झालं असेल, तर पान मी उलटलं होतं, तोंड माझं होतं, आणि मग ती भट्टी माझ्या डोक्यातून कधीच जायची नाही.”

खरं उत्तर फार साधं होतं. त्या संध्याकाळी ती बोलत होती आणि मी तिचा आवाज ऐकत होतो. आकडा मी ऐकलाच नाही. हात लिहीत होता, एवढंच. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या तरी इतका जवळ बसलो होतो.

हे मी लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी त्या खऱ्या उत्तरात एक वाक्य येतच होतं, की पान तुम्ही चुकलात. आणि मला तो बिस्किटांचा डबा दिसायचा. ती तो खाटेखालून काढणार, आणि यापुढे त्यात ही भट्टीही ठेवणार. जागा गेलेली, दोन वर्षं बांधलेली, रोज संध्याकाळी एकटी, आणि वर हे. राग परवडला, मला वाटलं. राग निवतो.

आठ दिवसांनी मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि त्यावर चांगल्या अक्षरात एकच ओळ लिहिली. “दोनचा लॉग मला पाठ आहे.” त्यात खोटं काही नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी चालत पोस्टापर्यंत गेलो आणि कार्ड पेटीत टाकलं. हात फटीतून बाहेर काढला आणि तिथंच मला कळलं, की चुकून झालं असेल तर ती भट्टी डोक्यातून जायची नाही असं जे तिनं लिहिलं होतं, ती भीती नव्हती. तिला तेच उत्तर हवं होतं, की चुकून झालं, मी तिला मुद्दाम जाऊ दिलं नाही. माणूस ज्याच्यावर रागावलेला असतो, त्याचं गणित संध्याकाळी पुन्हा करत बसत नाही.

पेटीच्या दारावर पुढच्या वेळी उघडण्याची वेळ लिहिलेली होती. सोमवार, सकाळी नऊ. पोस्टमन ओळखीचा होता, त्याचा मुलगा माझ्याच वर्गात. नुसतं म्हटलं असतं तरी त्यानं कार्ड काढून हातात दिलं असतं.

रविवारचा दिवसभर मी वाक्यं तयार करत होतो. सोमवारी नऊला मी कॉलेजात होतो, बारावीच्या वर्गात, फळ्यासमोर, हातात खडू घेऊन.